गोठ्यातील चावऱ्या माश्यांचे निरीक्षण आणि त्यांच्यासोबत फिरणारे सूक्ष्मजीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनावर म्हटले की माश्या आल्याच, असे आपण सहज बोलून जातो. त्यामुळे त्या माश्यांपैकी रक्त पिणाऱ्या कोणत्या, त्या किती आहेत आणि एका जनावराचे रक्त सोंडेला लागलेले असताना दुसऱ्या जनावरावर कधी जाऊन बसतात, हे मोजायचे राहून जाते. पशुपालक, पशुवैद्यक आणि पशुविज्ञानाचे विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

चावरी माशी आणि साधी घरमाशी यांत फरक कसा ओळखावा?

घरमाशीचे तोंड स्पंजासारखे असते. ती पातळ पदार्थ टिपून घेते, पण कातडी भेदू शकत नाही. गोठ्यातील चावरी माशी, म्हणजेच स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स, आकाराने आणि रंगाने घरमाशीसारखीच दिसते. तिची लांबी साधारण ५ ते ७ मिलिमीटर असते आणि पाठीवर गडद पट्टे असतात, म्हणून दुरून पाहणाऱ्याची फसगत होते. मात्र तिच्या डोक्याखालून एक काळी, ताठ, सुईसारखी सोंड सरळ पुढे आलेली असते, आणि ती एकदा नीट पाहिली की पुन्हा ओळख चुकत नाही. पोटाच्या वरच्या बाजूला बुद्धिबळाच्या पटासारखे काळसर ठिपके असतात. भिंतीवर किंवा जनावराच्या पायावर ही माशी बहुधा डोके वर करून बसते.

सकाळी ऊन चढू लागले की गाईच्या पुढच्या पायांजवळ उकिडवे बसून पाच मिनिटे पाहावे. गाय एक पाय उचलून जमिनीवर आपटते, मान वळवून खांद्यावर डोके झटकते आणि शेपटी पायांपर्यंत पोहोचत नसल्याने पुन्हा पाय आपटते. ज्या जागेवरून माशी उडते तिथे कधी कधी रक्ताचा बारीक थेंब चमकतो. ही माशी जनावरावर काही मिनिटेच थांबते, पोट भरले की जवळच्या कुंपणावर किंवा भिंतीवर जाऊन बसते आणि उरलेला बहुतेक दिवस तिथेच काढते. त्यामुळे जनावरावर एका क्षणी दिसणाऱ्या माश्या हा प्रत्यक्षात रक्त पिऊन जाणाऱ्या माश्यांचा लहानसा भाग असतो. या जातीत नर आणि मादी दोघेही रक्त पितात, हेही लक्षात ठेवावे.

गोठ्याभोवती रक्त पिणाऱ्या आणखी कोणत्या माश्या आढळतात?

हिमॅटोबिया ही स्टोमॉक्सिसपेक्षा लहान माशी असून ती जवळजवळ चोवीस तास जनावराच्या अंगावरच राहते. ती पाठ, खांदे आणि पोटाखालच्या भागावर थव्याने बसते, दिवसातून वीस किंवा त्याहून अधिक वेळा थोडे थोडे रक्त पिते आणि फक्त अंडी घालण्यासाठी नुकत्याच पडलेल्या ताज्या शेणावर उतरते. टॅबॅनस आणि तिच्या गटातील (टॅबॅनिड) माश्या मोठ्या, दणकट आणि दिवसा उडणाऱ्या असतात. त्यांच्यात केवळ मादी रक्त पिते, पण तिचा चावा इतका वेदनादायक असतो की जनावर लगेच तिला झटकते, आणि रोगप्रसाराच्या दृष्टीने हे झटकणेच महत्त्वाचे ठरते. त्याचे कारण पुढे येईल. क्युलिकॉइडिस म्हणजे १ ते ३ मिलिमीटरची चिलटे. त्यांच्या पंखांवर ठिपक्यांची नक्षी असते आणि ती प्रामुख्याने संध्याकाळी, रात्री व पहाटे चावतात. वाहत्या पाण्याजवळच्या भागात सिम्युलियम जातीच्या काळ्या, कुबड्या माश्या त्रास देतात. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेस त्सेत्से माशी हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

या सर्वांना ‘माश्या’ या एकाच नावाखाली मोजले, तर मोजणीचा काहीही उपयोग होत नाही, कारण प्रत्येकीची पैदास वेगळ्या जागी होते, चावण्याची वेळ वेगळी असते आणि सोबत येणारे जंतूही वेगळे असतात.

माश्या दिसल्या की फवारणी करतोच, मग मोजण्याची गरज काय?

फवारणीचा परिणाम झाला की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. फवारणीनंतर दोन दिवस माश्या कमी वाटतात आणि त्याच सुमारास पाऊस किंवा थंडी आली असेल, तर श्रेय औषधाला मिळते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एकाच गटातील कीटकनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास माश्यांमध्ये त्याविरुद्ध प्रतिकारक्षमता तयार होते. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक असलेले कानातले बिल्ले वापरात आल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९८० च्या दशकात, हिमॅटोबिया माश्यांच्या बाबतीत हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. दर आठवड्याची नोंद असेल, तर औषधाचा प्रभाव ओसरू लागल्याची पहिली चाहूल त्या नोंदीतच लागते.

शिवाय स्टोमॉक्सिस हे दुधाच्या आणि वजनाच्या नुकसानीचे सरळ कारण आहे. अमेरिकेतील गुरांचे या एकाच माशीमुळे होणारे नुकसान वर्षाला सुमारे २.२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात कोणत्याही रोगाचा हिशेब धरलेला नव्हता. चावे चुकवण्यासाठी जनावरे एकमेकांना खेटून उभी राहतात, चरणे सोडतात आणि उन्हाळ्यात त्यांच्यावरील उष्णतेचा ताण आणखी वाढतो.

जनावराच्या अंगावरील माश्या कशा मोजाव्यात?

स्टोमॉक्सिससाठी कळपातील किमान १५ जनावरे निवडून प्रत्येकाच्या पुढच्या दोन्ही पायांवरील माश्या मोजाव्यात आणि एका पायामागे सरासरी काढावी. मोजणारी व्यक्ती, वेळ आणि शक्यतो जनावरांचा गट दर आठवड्याला तोच असावा. हळू चालत जावे, कारण घाईने जवळ गेल्यास माश्या उडतात आणि आकडा खोटा पडतो.

हिमॅटोबिया मोजण्यासाठी सकाळची थंड वेळ चांगली असते, कारण ऊन वाढले की या माश्या पोटाखाली सरकतात. शेकड्यांनी बसलेल्या माश्या डोळ्यांनी मोजणे कठीण असल्यामुळे एका बाजूचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, ते पडद्यावर मोठे करून मोजणी करावी आणि आकडा दुप्पट करावा. कॅमेरा हाताशी असताना केवळ अंदाजाने ‘शंभरेक असतील’ असे लिहिणे टाळावे.

माश्या मोजणे शक्य नसेल तेव्हा वर्तनाची नोंद करता येते. एका जनावराकडे दोन मिनिटे पाहून पाय आपटणे, शेपटी मारणे, डोके झटकणे आणि कातडी थरथरवणे यांची संख्या लिहावी. पाय आपटण्याचे प्रमाण स्टोमॉक्सिसच्या संख्येबरोबर वाढते, म्हणून ही पद्धत वाटते त्यापेक्षा बरीच विश्वासार्ह आहे.

कोणता सापळा वापरावा?

ज्या माशीविषयी प्रश्न आहे, तिच्यासाठी बनलेला सापळा वापरावा. दिवसा उडणाऱ्या माश्या रंग आणि आकार पाहून येतात, म्हणून त्यांच्यासाठी निळ्या आणि काळ्या कापडाचे सापळे असतात. वावुआ सापळा कोट दिव्वारमधील एका ठिकाणच्या नावाने ओळखला जातो. तो मुळात त्सेत्सेसाठी तयार झाला, पण स्टोमॉक्सिससाठी फार उपयुक्त ठरला. नझी सापळ्याचे नाव स्वाहिली भाषेतील ‘माशी’ या शब्दावरून आले आहे, आणि तो स्टोमॉक्सिस, टॅबॅनिड आणि त्सेत्से अशा तिन्ही गटांना पकडतो. कापडाची निळी छटा येथे निर्णायक असते. बाजारातील कोणतेही निळे कापड चालेल असे समजून शिवलेले सापळे अनेकदा निम्म्याहून कमी माश्या पकडतात, कारण आपल्या डोळ्यांना सारखे दिसणारे दोन निळे रंग माशीच्या डोळ्यांना सारखे नसतात. गुरांच्या श्वासात असणारे ऑक्टेनॉल हे रसायन सापळ्याजवळ ठेवल्यास काही जातींची संख्या वाढते.

चिकट पृष्ठभागाचे पांढरे किंवा अर्धपारदर्शक फलक स्वस्त आणि सोपे असतात. संख्या मोजण्यासाठी ते उत्तम आहेत, पण डिंकात अडकलेली माशी जंतुतपासणीसाठी जवळजवळ निकामी होते. चिलटांसाठी अतिनील प्रकाशाचा आणि पंख्याने हवा आत ओढणारा सापळा लागतो. तो सूर्यास्तापूर्वी लावून सूर्योदयानंतर काढावा आणि वर जाळी बसवावी, म्हणजे मोठे पतंग आत जाऊन नाजूक चिलटांचा चुरा करणार नाहीत. प्रकाशाच्या सापळ्याची एक मर्यादा मान्य करावी लागते. त्यात येणारी चिलटे दिव्याकडे आलेली असतात, आणि जनावराला चावणाऱ्या जातींचे प्रमाण त्यापेक्षा वेगळे असू शकते.

सापळा कुठे लावावा आणि आकडे कसे लिहावेत?

दिवसाचा सापळा जनावरांच्या जवळ, पण त्यांच्या पोहोचेबाहेर, उघड्या आणि ऊन मिळणाऱ्या जागी जमिनीलगत लावावा. उंच गवतात तो दिसत नाही, म्हणून भोवतालचे गवत कापावे. एकदा जागा ठरली की हंगाम संपेपर्यंत ती बदलू नये.

ही सूचना अनुभवातून आली आहे. एका हंगामात आमच्या तीन सापळ्यांपैकी एक वाहनाला वाट देण्यासाठी कोणीतरी उचलून झाडाच्या सावलीत ठेवला होता. पुढचे दोन आठवडे त्या सापळ्याचे आकडे झपाट्याने उतरले आणि पैदाशीच्या जागा साफ केल्याचा तो परिणाम आहे, असे आम्ही अहवालात लिहिले. सापळा मूळ जागी परत गेला तेव्हा आकडे पुन्हा पूर्ववत झाले आणि तो अहवाल मागे घ्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक सापळ्याच्या जागी खुंटी ठोकलेली असते आणि प्रत्येक भेटीत त्याचे छायाचित्र घेतले जाते.

आकडा ‘प्रति सापळा प्रति दिवस’ असाच लिहावा. तीन सापळ्यांत दोन दिवसांत २५२ माश्या मिळाल्या, तर २५२ ला ६ ने भागून प्रति सापळा प्रति दिवस ४२ माश्या असे लिहायचे. सोबत जात, नर-मादी संख्या, कमाल व किमान तापमान, पाऊस, वारा आणि त्या आठवड्यात केलेली फवारणी किंवा शेण उचलण्याचे काम यांची नोंद असावी. या शेवटच्या रकान्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि वर्षाअखेरीस सर्वाधिक गरज त्याचीच पडते.

चावऱ्या माश्यांमुळे कोणते रोग पसरतात?

या विषयाचा इतिहास परोपजीवींपासून सुरू होतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० साली तत्कालीन पंजाबातील आजारी घोडे आणि उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा परोपजीवी पाहिला. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोम, म्हणजे रक्तात राहणारा एकपेशीय परोपजीवी, प्रथमच तेव्हा ओळखला गेला. पुढे डेव्हिड ब्रूस यांनी १८९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील झुलुलँडमध्ये गुरांच्या नगाना रोगाचा आणि त्सेत्से माशीचा संबंध दाखवला. सर्रा प्रामुख्याने टॅबॅनिड आणि स्टोमॉक्सिस माश्यांमार्फत पसरतो. रक्तपेशींवर जगणारा ॲनाप्लाझ्मा मार्जिनाले हा जिवाणू गोचिडांबरोबरच चावऱ्या माश्यांमुळेही एका जनावरातून दुसऱ्यात जातो.

विषाणूजन्य रोगांपैकी नीलजिव्हा (ब्लूटंग), आफ्रिकी अश्वरोग आणि श्मालेनबर्ग रोग हे चिलटांमार्फत पसरतात. तिवा या तीन दिवसांच्या तापाचा प्रसारही डास आणि चिलटांशी जोडला जातो. लंपी चर्मरोगाची नोंद प्रथम १९२९ साली झांबियात झाली, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्टोमॉक्सिस व टॅबॅनिड गटातील हिमॅटोपोटा माश्यांनी आजारी जनावरांपासून निरोगी जनावरांना या रोगाची लागण केल्याचे दिसले. घोड्यांचा संसर्गजन्य पांडुरोग हे टॅबॅनिड माश्यांमुळे होणाऱ्या प्रसाराचे ठळक उदाहरण आहे. हिमॅटोबिया माश्या सडांच्या टोकांवर चावून जखमा करतात आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तिथे पोहोचवतात. त्यामुळे पहिलारू कालवडींना वेतापूर्वीच कासदाह होऊ शकतो.

माशी रोग ‘वाहून नेते’ याचा नेमका अर्थ काय?

यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात जंतू माशीच्या शरीरात वाढतो. नीलजिव्हेचा विषाणू चिलटाच्या आतड्यातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो, त्याला उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि त्यानंतर ते चिलट जिवंत असेपर्यंत प्रत्येक चाव्यातून विषाणू देऊ शकते. तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ही वाढ जवळजवळ थांबते. त्यामुळे या रोगांना स्पष्ट हंगाम असतो.

दुसऱ्या प्रकारात जंतू वाढत नाही, केवळ सोंडेला लागून पुढे जातो. टॅबॅनस माशी चावते, वेदनेने जनावर तिला झटकते आणि अर्धवट पोट भरलेली माशी काही क्षणांत शेजारच्या जनावरावर बसून उरलेले रक्त पिते. सोंडेवर राहिलेले रक्त अत्यल्प असते, परंतु आजारी जनावराच्या रक्तात जंतूंची संख्या प्रचंड असेल, तर तेवढेही पुरते. येथे वेळ आणि अंतर हेच सर्व काही असते. घोड्यांवर झालेल्या अभ्यासांत सुमारे ५० मीटरचे अंतर ठेवल्यावर अर्धवट रक्त प्यालेल्या माश्या दुसऱ्या घोड्यापर्यंत क्वचितच पोहोचल्या. आजारी जनावर वेगळे बांधताना गोठ्याचे दुसरे टोक पुरेसे मानले जाते. तेवढे अंतर कमी पडते.

माशीत जंतूचा अंश सापडला, म्हणजे तीच माशी रोग पसरवते असे सिद्ध होते का?

होत नाही. या विषयातील सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष याच ठिकाणी काढले जातात, म्हणून हे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

पीसीआर चाचणी जंतूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा शोधते. आजारी गाईचे रक्त नुकतेच प्यालेल्या कोणत्याही माशीच्या पोटात तो तुकडा असणारच. त्या रक्तातील विषाणू जिवंत आहे का, तो पचून नष्ट होणार आहे का आणि पुढच्या चाव्यात तो बाहेर पडेल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ही चाचणी देत नाही. त्या माशीने जे सांगितले ते एवढेच, की आसपास एखादे संसर्गग्रस्त जनावर आहे आणि माशी त्याला चावली आहे. ही माहितीही मोलाची आहे, कारण अनेक जनावरांचे रक्त न काढता कळपातील संसर्गाची कुणकुण लागते. परंतु तिला प्रसाराचा पुरावा म्हणणे चूक आहे.

पुरावा पायरीपायरीने भक्कम होतो. माशीच्या पोटात रक्त शिल्लक नसतानाही जंतू सापडला, तर संशय वाढतो. पोट वगळून केवळ डोके किंवा लाळग्रंथी तपासल्यावर तो सापडला आणि आठवडाभर ठेवलेल्या माश्यांत त्याचे प्रमाण वाढलेले दिसले, तर तो माशीत वाढतो असे म्हणता येते. प्रयोगशाळेत संसर्गग्रस्त माशीने निरोगी जनावराला लागण केली, म्हणजे तिची क्षमता सिद्ध होते. आणि प्रत्यक्ष शेतावर त्या माशीची संख्या आणि रोगाची लाट यांचा काळ जुळला, तरच ती तिथे खरोखर महत्त्वाची आहे असे मानता येते. दक्षिण आफ्रिकेत १९४४ साली चिलटे नीलजिव्हा पसरवतात हे दाखवले गेले, तेव्हा संसर्गित चिलटांमुळे मेंढ्यांना प्रत्यक्ष लागण झालेली होती.

म्हणूनच महागडी चाचणी एक-दोनदा करून थांबण्यापेक्षा वर्षभराची साप्ताहिक मोजणी आमच्या मते अधिक उपयोगी आहे. चाचणीच्या निकालाला अर्थ येतो तो मोजणीमुळेच.

तपासणीसाठी माश्या कशा जतन कराव्यात?

कोणता जंतू शोधायचा, ते आधी ठरवावे. केवळ डीएनए तपासायचा असेल, तर माश्या ७० ते ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवता येतात. आरएनए विषाणूंसाठी माश्या शक्यतो जिवंत पकडून लगेच कोरड्या बर्फात गोठवाव्यात आणि उणे ८० अंश सेल्सिअसला साठवाव्यात. जिवाणूंचे संवर्धन करायचे असल्यास त्या थंड पेटीत, अल्कोहोल न घालता, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचाव्या लागतात. उन्हात तापलेल्या सापळ्याच्या पिंजऱ्यात दिवसभर मरून पडलेल्या माश्यांत आरएनए फारसा शिल्लक राहत नाही, आणि अशा नमुन्यात विषाणू न सापडणे याला काहीच अर्थ नसतो.

आणखी एक धोका आहे. एका बाटलीत कोंबलेल्या माश्या एकमेकींवर रक्त ओकतात आणि विष्ठा करतात, त्यामुळे एकीतील जंतू इतर सर्वांना लागतो. प्रत्येक माशीचा स्वतंत्र निकाल हवा असेल, तर जाळीने पकडून प्रत्येकीला वेगळ्या नळीत ठेवावे.

शेकडो माश्या एकेक करून तपासणे परवडत नाही. उपाय काय?

एकाच जातीच्या, एकाच ठिकाणच्या आणि एकाच दिवशीच्या २० ते ५० माश्या एकत्र कुस्करून तपासतात. समजा, प्रत्येकी २५ माश्यांचे दहा गट केले आणि त्यांपैकी एकात जंतू आढळला. त्या गटात किमान एक माशी संसर्गित आहे, म्हणून २५० मध्ये किमान १, म्हणजे हजारी ४, असे किमान प्रमाण लिहिता येते. दहापैकी आठ गटांत जंतू आढळला, तर हे गणित उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक गटात किती संसर्गित माश्या आहेत हे कळत नाही. अशा वेळी गट लहान करून पुन्हा तपासावे. रक्ताने फुगलेल्या माश्या या गटांत मिसळू नयेत.

माश्यांच्या अंगावरील आणि पोटातील जिवाणूंचा अभ्यास का करतात?

स्टोमॉक्सिसची पैदास सडलेल्या वैरणीत होते, ती शेणाजवळ वावरते आणि जनावराच्या कातडीत सोंड खुपसते. त्यामुळे शेणातील जिवाणू आणि जनावराचे रक्त यांची गाठ तिच्या शरीरात पडते. ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि स्टॅफिलोकॉकस यांसारखे कासदाहाशी निगडित जिवाणू दुग्धशाळांतील माश्यांत आढळले आहेत, आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही माश्यांतून वेगळे करण्यात आले आहेत. कळपात काय फिरते आहे याचा अंदाज घेण्यासाठी माशी हा सहज मिळणारा नमुना आहे.

या जिवाणूंची माशीलाही गरज असते. निर्जंतुक केलेल्या माध्यमात स्टोमॉक्सिसच्या अळ्या वाढत नाहीत, कारण त्या कुजणाऱ्या पदार्थापेक्षा त्यातील जिवाणूंवर अधिक जगतात.

अभ्यास करताना माशीचा बाह्य भाग धुऊन मिळालेले जिवाणू आणि आतड्यातील जिवाणू वेगळे नोंदवावेत. जिवाणूंची ओळख जनुकीय क्रमावरून करत असल्यास माशी न घातलेला एक रिकामा नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवावा, कारण रसायनांतही जिवाणूंचे अंश असतात आणि इतक्या लहान कीटकात ते खऱ्या निकालाएवढे मोठे दिसू शकतात.

चिलटांची केवळ संख्या पुरेशी का मानत नाहीत?

नुकतेच जन्मलेले चिलट कितीही संख्येने असले, तरी त्याने अजून रक्त प्यालेले नसते. धोका असतो तो एकदा रक्त पिऊन, अंडी घालून पुन्हा रक्ताच्या शोधात निघालेल्या मादीचा. सूक्ष्मदर्शकाखाली तिची ओळख पटते. अंडी घालून झालेल्या मादीच्या पोटाच्या कातडीत तांबूस-जांभळा रंग उतरलेला असतो, तर कोऱ्या मादीचे पोट फिकट दिसते. माद्यांचे कोऱ्या, रक्ताने भरलेल्या, अंड्यांनी भरलेल्या आणि एकदा अंडी घातलेल्या असे वर्गीकरण केले, तर प्रसाराचा काळ सुरू झाला की नाही हे आकड्यांवरून दिसते. जातींची ओळख पंखांवरील नक्षीवरून करतात, मात्र काही जाती इतक्या सारख्या असतात की डीएनए पाहावाच लागतो.

ऑगस्ट २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये नीलजिव्हा आढळली आणि लवकरच बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स व लक्झेंबर्गमध्येही ती पोहोचली. भूमध्य सागराभोवतीची ओळखीची वाहक जात त्या थंड भागात नव्हती आणि स्थानिक चिलटांनीच तो विषाणू पसरवला. ज्या जाती आज निरुपद्रवी वाटतात त्यांचीही नोंद ठेवण्याचे महत्त्व त्या उद्रेकाने पटवले.

माश्या बाहेरून येतात की आपल्याच गोठ्यात तयार होतात?

बहुतेक वेळा आपल्याकडेच तयार होतात. स्टोमॉक्सिस वाऱ्याबरोबर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर गेल्याच्याही नोंदी आहेत, पण साधारणपणे ती पैदाशीच्या जागेपासून काही किलोमीटरच्या आत राहते. गव्हाणीच्या मागचा कोपरा, गोल गंजीची बुडाची ओली वैरण, मूत्राने भिजलेला जुना पेंढा आणि मुरघासाच्या खड्ड्याची सांडलेली कड या जागा खुरपीने उकरून पाहाव्यात. वरचा थर कोरडा दिसतो, पण चार बोटे खाली उबदार, ओलसर आणि आंबूस वासाचा थर लागतो, आणि त्यात पिवळट पांढऱ्या अळ्या व तपकिरी, गव्हाच्या दाण्याहून लहान कोष सापडतात. उबदार हवेत अंड्यापासून माशी होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून अशा जागा आठवड्यातून एकदा उपसून ते द्रव्य पातळ पसरून वाळवले, तर ही साखळी तुटते. हिमॅटोबियासाठी मात्र या सफाईचा उपयोग नाही. ती कुरणातील ताज्या शेणातच वाढते.

किती माश्या झाल्यावर उपाय करावा?

उत्तर अमेरिकेतील अभ्यासांत स्टोमॉक्सिससाठी पुढच्या एका पायामागे सरासरी ५ माश्या आणि हिमॅटोबियासाठी मांसासाठी पाळलेल्या एका जनावरामागे सुमारे २०० माश्या, हे आकडे उपायाची मर्यादा म्हणून वापरले जातात. ते उत्पादनातील नुकसानीवर आधारलेले आहेत, रोगावर नाहीत. परिसरात लंपी किंवा सर्रा असताना पायामागे दोन माश्याही स्वस्थ बसण्याइतक्या कमी नसतात. आपल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून आपल्या जातीच्या जनावरांसाठी आणि आपल्या हवामानासाठी मर्यादा ठरवणे हेच योग्य आहे. उपाय करताना पैदाशीच्या जागा आधी आणि कीटकनाशक नंतर हा क्रम ठेवावा. सूचना देणे बंधनकारक असलेल्या रोगाचा संशय आल्यास माश्यांच्या निकालाची वाट न पाहता अधिकृत पशुवैद्यकाला कळवावे.

सापळ्यात एकही माशी आली नाही, तर नोंद करावी का?

अवश्य करावी, आणि रकाना मोकळा न सोडता ‘०’ लिहावे. मोकळा रकाना म्हणजे त्या दिवशी सापळा लावला नव्हता, फाटला होता किंवा कोणी पाहिला नाही, असा अर्थ होतो. सापळा सुस्थितीत होता, पूर्ण वेळ लावलेला होता आणि तरीही माशी आली नाही, हे स्वतंत्र निरीक्षण आहे. म्हणून शून्यासोबत सापळ्याची अवस्थाही लिहावी. झांझिबारच्या उंगुजा बेटावर निर्बीज नर सोडून त्सेत्से माशीचे निर्मूलन करण्यात आले, तेव्हा १९९६ मध्ये शेवटची जंगली माशी सापडल्यानंतरही सापळे लावणे सुरूच ठेवले होते. बेट त्सेत्सेमुक्त झाल्याचे १९९७ मध्ये जाहीर झाले, ते त्यानंतरच्या महिन्यांत ओळीने नोंदवलेल्या शून्यांच्या आधारावर.